बिनवशिंडाचा बैल

पोळ्याला आठ दिवस राहिले होते. बियाणं-खतांच्या एका दुकानाचं पॅम्फ्लेट आमच्याकडे होतं, पाच हजार प्रती. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत दुकानदार प्रूफ बघायला आले आणि सोबत वडिलांनाही घेऊन आले. मी खुशीत होतो, कारण फोटो गूगलवरून उचललेला नव्हता, परदेशी एजन्सीकडून रीतसर डॉलर मोजून घेतलेला होता. पहाटेचं धुकं, दवानं चमकणारी कातडी, नाकपुड्यांतून निघणारी वाफ. दुकानदार म्हणाले, "एक नंबर." वडिलांनी चष्मा पुसला, कागद हातभर लांब धरला आणि विचारलं, "याचं वशिंड कुठंय?"

खोलीत शांतता. मी कागद ओढून घेतला. मानेपासून शेपटीपर्यंत पाठ सपाट, आमच्या स्टुडिओतल्या टेबलासारखी. युरोपातल्या कुठल्यातरी कुरणातलं ते जनावर. "जू ठेवलं तर घसरत शेपटीपर्यंत जाईल की," आजोबा म्हणाले. "असल्या बैलाला पुरणपोळी खाऊ घालायची होय आम्ही? आमच्याकडं लाल कंधारी असतो, देवणी असतो. हे काय आणलंत?"

मी पंचवीसेक वर्षं मुखपृष्ठं, गाइडं, स्मरणिका, दिवाळी अंक, कॅलेंडरं आणि लग्नपत्रिका करतोय. फोटो कुठल्या एजन्सीचा घ्यावा असं नवी पोरं विचारतात, तेव्हा त्यांना वाटतं मी दर सांगणार. मी त्यांना आधी या बैलाची गोष्ट सांगतो.

कोरलचं जाड पुस्तक

आमची सुरुवात झाली तेव्हा एजन्सी वगैरे शब्द कानावर नव्हते. कोरल ड्रॉच्या खोक्यात क्लिपआर्टचं विटेएवढं जाड पुस्तक यायचं. त्यात चित्र शोधायचं, त्याचा नंबर बघायचा आणि सीडीतून काढायचं. फोटो लागले तर 'फोटोडिस्क'सारख्या कंपन्यांच्या सीड्या. हस्तांदोलन करणारे दोन गोरे हात, हेडफोन लावून हसणारी बाई, ग्लोबवर ठेवलेला माउस. त्या सीड्या महाग असायच्या. तरीही शहरातल्या प्रत्येक डीटीपीवाल्याकडे त्या कशा होत्या, हे त्या काळी कुणी कुणाला विचारत नसे. मीही विचारलं नाही आणि मलाही कुणी विचारलं नाही.

भारतीय फोटो हवा असेल तर मुंबई गाठायची. दिनोदियासारख्या संग्रहाकडून स्लाइड मागवायची, काम झालं की परत करायची. तो खर्च मोठ्या जाहिरात कंपन्यांना झेपायचा. आम्ही क्रांती चौकातल्या फोटो स्टुडिओतून एखादी निगेटिव्ह मागून आणायचो.

त्या काळातला एक किस्सा आमच्याकडे अजून निघतो. शहराबाहेर एनए प्लॉट पाडणारे एक गृहस्थ ब्रोशर करायला आले. आमचा कॉम्प्युटर नुकताच विंडोज एक्सपीवर गेला होता. पडद्यावर ती सुप्रसिद्ध हिरवी टेकडी, वर निळं आभाळ. गृहस्थ म्हणाले, "हाच फोटो टाका. आपली साइट अशीच दिसती पावसाळ्यात." मी सांगितलं की हा फोटो मायक्रोसॉफ्टचा आहे. "मग त्यांना विचारा की," ते म्हणाले.

ती टेकडी कॅलिफोर्नियातली. चार्ल्स ओ'रिअर या फोटोग्राफरनं १९९६ साली गाडी थांबवून तिचा फोटो काढला आणि एजन्सीत ठेवला. मायक्रोसॉफ्टनं त्याचे सगळे हक्क विकत घेतले आणि २००१ मध्ये तो जगभरच्या पडद्यांवर आला. एजन्सीत ठेवलेला एक साधा फोटो कुठवर जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांना दिसतो म्हणून तो सगळ्यांचा होत नाही, हे त्या गृहस्थांना शेवटपर्यंत पटलं नाही. ब्रोशरवर अखेर त्यांच्या साइटवरचा खराखुरा मुरूम छापला.

पुतण्याचं कार्ड

मग स्वस्ताई आली. कॅनडातल्या कॅलगरीत २००० साली आयस्टॉकफोटो सुरू झालं. २००३ मध्ये जॉन ओरिंजर नावाच्या माणसानं स्वतः काढलेले तीस हजार फोटो टाकून शटरस्टॉक काढलं आणि महिन्याची वर्गणी भरा, फोटो न्या, अशी खानावळ लावून दिली. गेटी या बड्या एजन्सीनं २००६ मध्ये पाच कोटी डॉलर देऊन आयस्टॉक घेतलं. त्याच वर्षी आपल्याकडे संदीप माहेश्वरींनी इमेजेसबझार काढलं आणि भारतीय चेहरे एका ठिकाणी मिळायला लागले. पुढे अडोबीनं फोटोलिया विकत घेतलं आणि २०१५ पासून फोटोशॉपच्या खिडकीतूनच फोटो मिळायला लागले. २०१३ साली निघालेलं अनस्प्लॅश फुकट होतं. २०२१ मध्ये तेही गेटीकडे गेलं. दुकानांच्या पाट्या वेगवेगळ्या असल्या तरी गल्ल्यावर बसणारे मोजकेच आहेत, हे एकदा लक्षात आलं की 'कोणती एजन्सी मोठी' हा प्रश्न सुटतो.

आमचा प्रश्न निराळाच होता. डॉलरमध्ये पैसे भरायला आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड लागायचं आणि ते आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या पुतण्याकडे होतं. खातं त्याच्या नावानं, ईमेल त्याच्या कंपनीचा, पैसे आम्ही त्याला दिवाळीत एकदम द्यायचो. तीन वर्षं झकास चाललं.

मग एका गाइडच्या प्रकाशकाचा फोन आला. परदेशातून ईमेल आला होता: तुमच्या मुखपृष्ठावरचा फोटो आमचा आहे, परवाना दाखवा, नाहीतर भरपाई द्या. फोटो आम्ही पैसे मोजूनच घेतला होता. पण पावती पुतण्याच्या नावानं. त्यानं मधल्या काळात नोकरी बदललेली, जुना ईमेल बंद, पासवर्ड कुणालाच आठवेना. पुढचे तीन आठवडे मी चोरी न करता चोरासारखा वावरलो. शेवटी पुतण्यानं जुनं बँक स्टेटमेंट शोधलं, एजन्सीला दहा ईमेल केले आणि खात्याची नोंद काढून घेतली. प्रकाशकांनी नंतर काम दिलं, पण चहा पाजणं बंद केलं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. खातं स्टुडिओच्या नावानं. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये 'पावत्या' नावाचं फोल्डर, त्यात परवान्याची पीडीएफ, फोटोचा क्रमांक, घेतल्याची तारीख आणि त्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट. फुकटच्या फोटोलाही हेच. अनस्प्लॅशनं २०१७ मध्ये परवान्याचे शब्द बदलले. आज जे लिहिलंय ते पाच वर्षांनी तिथं असेलच असं नाही.

वर्गणीचाही एक फटका खाल्ला. २०२१ च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेचा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दलचा नवा नियम लागू झाला आणि आमची वर्गणी मध्येच बंद पडली. ऑक्टोबर म्हणजे दिवाळी अंकांचे दिवस. प्रेसचा माणूस दारात उभा, पानं रिकामी. त्या रात्रीपासून मी वर्गणीच्या जोडीला वर्षभर टिकणारा दहा-पंचवीस फोटोंचा छोटा पॅक बाजूला ठेवतो. शिवाय वर्गणीतले न वापरलेले फोटो महिनाअखेरीला बहुतेक ठिकाणी बुडतात. महिन्याला चार फोटो लागणाऱ्यानं साडेसातशे फोटोंची थाळी घेऊ नये.

एकच मुलगी, दोन क्लास

जून महिना, ॲडमिशनचे दिवस. उस्मानपुरा सर्कलपासून क्रांती चौकापर्यंत फ्लेक्सच फ्लेक्स. आम्ही केलेल्या एका क्लासच्या फ्लेक्सवर पुस्तकं छातीशी धरलेली, चष्मेवाली, हसरी मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासच्या सरांचा फोन: "तुम्ही आमची मुलगी त्यांना पण दिली का?" जाऊन बघतो तर समोरच्या खांबावर प्रतिस्पर्धी क्लासचा फ्लेक्स आणि त्यावर तीच मुलगी, तोच चष्मा, फक्त पुस्तकं निळ्याची लाल केलेली. चौकात लोक थांबून हसत होते. सरांना वाटलं मी डबल पैसे कमावले.

असं मोठमोठ्यांचंही होतं. अमेरिकेत २००४ साली डेल आणि गेटवे या दोन कॉम्प्युटर कंपन्यांच्या शाळा-कॉलेजांसाठीच्या जाहिरातींत एकाच फोटोसत्रातली एकच विद्यार्थिनी झळकली होती. स्वस्त एजन्सीचा साधा परवाना म्हणजे रॉयल्टी-फ्री: एकदा पैसे भरा, हवं तितक्यांदा वापरा. पण तीच सोय दुसऱ्यालाही असते. पूर्वी 'राइट्स मॅनेज्ड' नावाचा महागडा प्रकार होता, त्यात अमुक शहरात अमुक महिने हा फोटो दुसऱ्याला मिळणार नाही अशी हमी घेता यायची. गेटीनं २०२० पासून आपल्या क्रिएटिव्ह फोटोंसाठी तो मोडीत काढला. आता एजन्सीत फोटो किती वेळा उतरवला गेलाय ते दिसत असेल तर मी आधी तो आकडा बघतो. पहिल्या पानावरचा फोटो कधीच घेत नाही. अकराव्या-बाराव्या पानापर्यंत जायचा आळस दुसऱ्या डिझायनरला असतो, या एकाच भरवशावर माझा धंदा चाललाय.

पांढरं रान

कापसावरच्या एका पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं. 'कॉटन फील्ड' टाकलं की हजारो फोटो येतात. मी क्षितिजापर्यंत पांढरंशुभ्र झालेलं रान निवडलं. लेखक शेतीतले जाणकार. बघताक्षणी म्हणाले, "पानं कुठं गेली?" मी नीट बघितलं. खरंच, झाडावर एक पान नव्हतं, नुसती बोंडं.

फोटो परदेशातला. तिकडे कापूस यंत्रानं काढतात. यंत्रात पानं येऊ नयेत म्हणून आधी औषध फवारून झाडाची पानं गाळतात आणि सगळं रान एकदम पांढरं होतं. आपल्याकडची पऱ्हाटी हिरवी असते. थोडी बोंडं फुटलेली, थोडी मिटलेली, ओट्यात कापूस घेऊन वाकलेल्या बाया, आणि वेचणी एकदा नाही, तीन-चारदा. "हे पुस्तक वाचणारा माणूस मुखपृष्ठ बघून म्हणेल, यानं रोगानं गेलेलं पीक छापलंय," लेखक म्हणाले.

आपल्या गावाचा फोटो शोधायचा तर आणखी गंमत. एजन्सीत शहराचं जुनं नाव टाका, तर निम्मे फोटो बिहारमधल्या त्याच नावाच्या जिल्ह्याचे. नवं नाव टाका, तर हाती फारसं काही लागत नाही, कारण फोटोग्राफरांनी शब्द कधीच्या काळी भरून ठेवलेले. वेरूळच्या स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार. बीबी का मकबऱ्याचा फोटो 'ताजमहाल' म्हणून टाकलेला मी स्वतः बघितलाय. शहरातल्या पोराला मागचे डोंगर आणि घुमटाला खेटून उभे असल्यासारखे मिनार बघून कळतं, परदेशात बसलेल्या तपासनीसाला कसं कळावं?

अजिंठ्यासाठी मात्र कधी कधी एजन्सीची गरजच पडत नाही. रॉबर्ट गिल १८४४ साली चित्रांच्या नकला करायला अजिंठ्यात आला. त्याच्या बऱ्याचशा नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पण त्यानं कॅमेराही धरला होता. जेम्स फर्ग्युसनसोबत १८६४ साली निघालेल्या पुस्तकात त्याचे अजिंठा-वेरूळचे ७४ फोटो आहेत आणि त्यांचा कॉपीराइट केव्हाच संपलाय. आजच्या फोटोचं तसं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे फोटोवर फोटोग्राफरचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. "गूगलवरून घेतलाय" हे उत्तर देणाऱ्याला मी सांगतो, गूगल म्हणजे चौकातली पाटी. पाटीवर दुकानाचं नाव असतं, म्हणून माल पाटीचा होत नाही.

सोंड कुठल्या बाजूला

सगळे दोष एजन्सीचे नाहीत. हा माझा स्वतःचा. एका मंडळाची स्मरणिका, संत एकनाथ रंगमंदिरात प्रकाशन. मुखपृष्ठावर गणपती. मजकूर उजवीकडे बसेना, म्हणून आमच्या पोरानं फोटो आडवा उलटवला. एक क्लिक. मी बघितलं, पास केलं, प्लेट निघाली. छापून आल्यावर मंडळाचे काका पान हातात घेऊन गप्पच बसले. "अहो, आपला डाव्या सोंडेचा. हा उजव्या सोंडेचा झाला. याचं सोवळं कोण सांभाळणार?" मुखपृष्ठं पुन्हा छापली, पैसे माझ्या खिशातून.

तेव्हापासून स्टुडिओत नियम: देव, नथ आणि पदर उलटवायचे नाहीत. नथ उजव्या नाकपुडीत गेली की अख्ख्या घरातल्या बायका ओळखतात, डिझायनर सोडून.

दुसरा किस्सा वॉटरमार्कचा. मंजुरीपर्यंत पैसे नकोत म्हणून प्रूफमध्ये आपण एजन्सीचा नमुना-फोटो लावतो, त्यावर तिरप्या रेघांत एजन्सीचं नाव असतं. एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी प्रूफ मंजूर केलं. मी फोटो विकत घेऊन स्वच्छ प्रत लावली. मालक नाराज. "त्या बारीक जाळीचं डिझाइन छान होतं. ते का काढलं?"

परवान्यात न मावणारं

एजन्सीचा परवाना असला की सगळं झालं, हा समज तीनदा मोडला.

एकदा नकाशावरून. शालेय गाइडसाठी परदेशी एजन्सीतून भारताचा सुबक व्हेक्टर नकाशा घेतला. जम्मू-काश्मीरची वरची बाजू कापलेली. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं आपल्याकडे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एजन्सी परवाना देते, सीमा देत नाही.

दुसऱ्यांदा कॅलेंडरवरून. एका व्यापाऱ्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र आणि खाली स्वतःच्या दुकानाची जाहिरात हवी होती. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्याच्या अनुसूचीत महाराजांचं, महात्मा गांधींचं, नेहरूंचं, इंदिरा गांधींचं आणि पंतप्रधानांचं नाव व चित्र आहे. कॅलेंडरला सूट आहे, पण त्यावर फक्त ते तयार करणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असेल आणि त्यातून मालाची जाहिरात होत नसेल तरच. व्यापारी म्हणाले, "सगळेच छापतात." मी म्हटलं, "सगळ्यांकडूनच छापून घ्या मग."

तिसरी गोष्ट माझ्या कामातली नाही, पण तिनं झोप उडवली. २०२४ च्या जुलैत राज्याच्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत एका वयस्क माणसाचा फोटो आला. पुणे जिल्ह्यातल्या एका कुटुंबानं तो ओळखला. त्यांच्या घरातला हा माणूस सुमारे तीन वर्षांपासून बेपत्ता होता. जाहिरात बघून त्यांनी विचारलं, हा फोटो कुणी, कुठं, कधी काढला?

मला वाटतं, एजन्सी निवडायची ती याच प्रश्नावर. किती कोटी फोटो आहेत आणि फोटोला किती पडतात, हे नंतर. फोटोतला माणूस कोण, त्यानं सही केलीय का, हे एजन्सी सांगू शकते का? जाहिरात असेल तर मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाची लेखी संमती, हवाच. 'फक्त संपादकीय वापरासाठी' असं लिहिलेला फोटो बातमी-लेखाला चालतो, फ्लेक्सला नाही. सही असली तरी आजार, व्यसन, कर्ज, राजकारण अशा कामात तो चेहरा वापरायला बहुतेक एजन्सींच्या अटी आडव्या येतात, त्या वाचायच्या. साध्या परवान्यात पाच लाख छापील प्रती बहुतेक ठिकाणी चालतात, आमच्या एका जन्मात तेवढ्या छापून होणार नाहीत. पण फोटो छापलेलं भेटकार्ड किंवा कॉफीचा मग विकायचा असेल तर वाढीव परवाना लागतो. आणि फोटो यंत्रानं बनवलेला आहे का, हेही आता विचारायचं. अडोबीवर तसे फोटो गाळायची सोय आहे, ती आमच्याकडे कायम चालू असते.

फॉर्मवरची ओळ

सणाला आणि शेतीला मात्र आम्ही आता एजन्सीकडे जातच नाही. पोळ्याच्या त्या पॅम्फ्लेटसाठी ओळखीच्या फोटोग्राफरला घेऊन आजोबांच्याच गावी गेलो. लाल कंधारी जोडी, चांगली डौलदार शिंगं, भरदार वशिंड. सोबत बैलाचा मालक, डोक्याला पटका. फोटो झाले. मग मी मराठीत टाइप केलेला एक पानी फॉर्म काढला. एजन्सींचे फॉर्म वाचून वाचून मीच तयार केलेला: नाव, तारीख, कशासाठी, किती वर्षं, किती पैसे.

त्यांनी तो सावकाश वाचला. "दारूच्या दुकानाला नाही ना लावणार?" मी म्हटलं नाही. "कर्जमाफीच्या बातमीत?" नाही. तेही लिहून द्या म्हणाले. मी पेनानं समासात लिहिलं. त्यांनी सही केली, कागद परत दिला आणि पुन्हा मागून घेतला. सहीच्या खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली, ती मी आजवर कुठल्याच एजन्सीच्या फॉर्मवर बघितलेली नाही:

'छापण्याआधी घरी दाखवावे.'

दाखवलं. त्यांच्या बायकोनं बैल पास केले आणि नवऱ्याचा पटका वाकडा आहे म्हणून फोटो नापास केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.